वीस खान्यांत न मावणारी माणसं

आमच्या इस्लामपूरच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात आठवडाभर बसा, घरी जाताना डब्यापेक्षा किस्सेच जड होतात! शेतकरी मेसेज पाठवतो. आमचा प्रोग्रॅम त्याचे तुकडे पाडतो: नाव, गाव, ऊस किती. मग तोडणीची टोळी त्या रानात जाते.

भांडण तुकड्यांच्या लांबीचं! सरांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये नावाला मोजून वीस खाने; अक्षर, काना, मात्रा, प्रत्येकाला एक. मी लिहिलेली लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड, स्वल्पविराम येईपर्यंत वाचते, तुकडा केवढाही असो. सर म्हणाले, "रविवारी साखर कारखान्याच्या संचालकांना दाखव. अडकली, तर हंगामाला माझाच प्रोग्रॅम!"

*

वीस खान्यांची करामत ऐका. एका गावात दोन ज्ञानदेव रामचंद्र पाटील. म्हणून एक शेवटी लावतो 'विहिरीवाले', दुसरा 'माळावरचे'. प्रोग्रॅम नेमकं तेच कापतो! टोळी गेली भलत्याच रानात, कोवळा ऊस आडवा!

माळावरचे ऑफिसात येऊन गरजले, "आवं सायेब, नावाचं शेपूट तोडलंसा ते तोडलंसा, ऊस कशापायी तोडला?"

ते गेल्यावर सर म्हणतात, "लोकांनी नावं आटोपशीर ठेवावीत." लोकांनी!

*

एका काकांनी गावाच्या जागी नुसतं 'क' पाठवलं. सरांच्या प्रोग्रॅमने गावाचे खाने भरायला पुढचा उसाच्या एकरांचा आकडाही गिळला. माझ्या लायब्ररीने निमूट एवढासा 'क' घेतला. मी फोन केला, "काका, क म्हणजे कराड ना?"

"व्हय की! मी काय कॅनडातनं ऊस धाडतोय व्हय?"

*

रविवार. बोलायला लागले की न थांबणाऱ्या निवृत्त सुभेदार तात्यांना सरांनी मुद्दाम बोलावलेलं, जोडीला त्यांच्या पत्नी, काकूही. तात्यांनी मोबाइलवर बोलायचं, नाव संपलं की बोटाने स्वल्पविराम द्यायचा. तुकडा पुरा झाला की स्क्रीनवर उमटणार.

"सुभेदार तुकाराम... पुलाजवळचे... सीमेवर लढलेले... लय थंडी तिथं... आणि..."

स्वल्पविराम येईना! स्क्रीन कोरी!

सर हसले, "अडकली!"

"अडकली नाही सर, पूर्ण ऐकून घेतेय! तुम्हीही शिका!"

तेवढ्यात काकूंनी मोबाइल हिसकावला. "आवं, पुरं आता!" आणि स्वल्पविराम दाबला.

सगळं नाव धाडकन स्क्रीनवर, थंडीसकट! संचालकांच्या टाळ्या! चेअरमन म्हणाले, "हीच बसवा."

सर तात्यांवरच उखडले, "तात्या, एक नाव संपवता येईना तुम्हाला?"

तात्या काकूंकडे बघत म्हणाले, "लगीन झाल्यापासनं माझं कुठलं बोलणं मी संपवलंय, सायेब?"