प्रश्न विचारून थांबणाऱ्या भोईर मॅडम

सव्वा महिना झाला असेल. कॉलेजच्या मैदानावर मी पोरांना उंच उडीचा अ‍ॅप्रोच, म्हणजे उडीआधीची धाव, शिकवत होतो आणि खिशातला फोन थांबतच नव्हता. इम्रानचा होता. निजामपुऱ्यातला माझा जुना वर्गमित्र, घरचे कापड विणायचे लूम सांभाळून आता शाळेत पीटी शिकवणारा. एरवी फोन उचलताच शिवी हासडणारा हा माणूस त्या दिवशी एवढंच म्हणाला, "अरे संदीप... मॅडम गेल्या यार." कुठल्या मॅडम, हे विचारायची गरज नव्हती. आम्हा दोघांच्या आयुष्यात एकच मॅडम होत्या. मी पोरांना सोडून दिलं आणि मॅटवर तसाच बसून राहिलो.

भोईर मॅडम मानकोलीच्या. त्यांच्या माहेरच्या शेतात आता गोदामं उभी आहेत, पण बोलण्यातलं गाव काही गेलं नव्हतं. उंची जेमतेम पाच फूट, आवाज हळू. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला आम्ही आलो तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात नवी कोरी शिट्टी होती आणि डोक्यात एकच चित्र : आपण शिट्टी मारायची, पन्नास पोरांनी सावधान व्हायचं. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "शिट्ट्या पिशवीत टाका. बसा गोल." आणि स्वतः मातीत मांडी घालून बसल्या. मग प्रश्न आला, "पोरगं तासाला खेळायला येत न्हाय. का?" मी टेमघरचा, तोंडाने पुढे. म्हटलं, "आळस, मॅडम." त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरं. आनखी?" मग कुणी म्हणालं, बूट नसतील. कुणी म्हणालं, पोट रिकामं असेल. शेवटी एक मुलगी खाली बघत म्हणाली, "कपडे बदलायला जागा नसते." तास संपला तेव्हा माझं उत्तर कुठल्या कुठे गेलं होतं, आणि मॅडम एकदाही मला चूक म्हणाल्या नव्हत्या.

त्यांचं सगळं शिकवणं असंच चाले. आमच्यातल्या कुणाचा सरावपाठ झाला की चुका त्या सांगत नसत, आम्ही शोधायच्या. त्या विचारायच्या आणि थांबायच्या. हे थांबणं फार जबरदस्त होतं... आम्ही कासावीस व्हायचो, घसे खाकरायचो, आणि त्या शांत बसलेल्या. एकदा बाहेरून आलेले एक साहेब आम्हाला गोल बसलेलं बघून म्हणाले, "हे मैदान आहे की चावडी?" मॅडम सरकून जागा करत म्हणाल्या, "बसा ना सर, तुमचंपन ऐकू." साहेब बसले नाहीत, पण नंतर पाच मिनिटं मागे उभे राहून ऐकत होते.

एका बाबतीत मात्र मॅडम जुन्याच होत्या. सरावाला उशीर झाला की मैदानाला पाच राउंड. कारण विचारायचं नाही, सांगायचं नाही. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या आधीच्या आठवड्यात इम्रान वीस मिनिटं उशिरा आला. तो आमचा मुख्य चढाईपटू होता आणि त्याच्याच जागेसाठी राखीव होतो मी. इम्रान काही न बोलता धावला. चौथ्या राउंडला कोसळला. भाऊ गावी गेल्याने त्याने लूमवर लागोपाठ दोन शिफ्ट काढल्या होत्या. डॉक्टरांनी पंधरा दिवस सक्तीची विश्रांती सांगितली.

दुसऱ्या दिवशी मॅडम गोलात बसल्या आणि म्हणाल्या, "आज माझा पाठ. काल मी चुकले का? बोला." मी अशी शिक्षिका तोवर पाहिली नव्हती, नंतरही नाही. आमचे अंतर्गत गुण त्यांच्या हातात, आणि त्या आमच्यासमोर मातीत बसून स्वतःची उलटतपासणी मागत होत्या! मग कुणीतरी धीर करून म्हणालं, "तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम." "न्हाय विचारलं," त्या म्हणाल्या. मग मी बोललो, आणि झकास बोललो. म्हटलं, धावणं ही शिक्षा केली तर पोरं धावण्याचाच राग करतील, मग आपण शिकवायचं काय? सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून मॅडमनी राउंड बंद केले, ते कायमचे. पण तेव्हा त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आनखी कोनाला काय बोलायचं हाय?" घंटा झाली, तरी उठल्या नाहीत. बोलायचं मला होतं. आदल्या दिवशी सकाळी इम्रानने मला फोनवर सांगितलं होतं, "दोन शिफ्ट झाल्यात यार, मॅडमला सांग, लेट येईन, हलका सराव करेन." मी सांगितलं नाही. नंतर इम्रानला म्हटलं, विसरलो. त्याने खांद्यावर थाप मारली, "होता है यार."

परवा आमच्या जुन्या कॉलेजात शोकसभा झाली. भाषणं झाली, हार झाले. मग जुन्या विद्यार्थ्यांनी खुर्च्या बाजूला सारल्या आणि सगळे मैदानात गोल बसले. मला तिथे बसवेना. इम्रानला घेऊन बाहेर चहाच्या टपरीवर आलो आणि इतक्या वर्षांनी सांगून टाकलं, "मी विसरलो नव्हतो." त्याने कप खाली ठेवला. "मालूम है," तो म्हणाला, "मॅडमना पण माहीत होतं. तुझ्याकडे निरोप दिला होता, हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हटलं, विचारा ना त्याला. तर बोलल्या, विचारलं तर खोटं बोलेल. आपन थांबू." मॅडम माझ्या लग्नाला आल्या, मला नोकरी लागली तेव्हा घरी येऊन जेवून गेल्या, दर भेटीत इम्रान कसा आहे म्हणून विचारायच्या... आणि इतकी वर्षं थांबून होत्या. एवढा धीर माणसात असू शकतो, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. लाज वाटली, खूप वाटली. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की त्यांनी शेवटपर्यंत मला बोलू शकणारा माणूस मानलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गाला गोल बसवलं. मॅडम कोण होत्या ते सांगितलं, आणि काही न लपवता इम्रानचा निरोपही सांगितला. मग एक मुलगी, एरवी कधी न बोलणारी, म्हणाली, "सर, मग त्या मॅचला इम्रान सरांच्या जागी कोण खेळलं?"

"मी," म्हटलं.

माझ्या ओठावर स्वतःच्या बचावाचं वाक्य आलं होतं, ते मी गिळलं, आणि थांबलो.