आधी भिंत वाजवून या

माझा मामा हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो. दुकान त्याचं नाही, पण काउंटर त्याचाच आहे असं म्हणायला हरकत नाही. मालक आत खुर्चीवर बसतो आणि त्याच्याकडे गिऱ्हाईक ढुंकूनही बघत नाही. गिऱ्हाइकाला मामा हवा असतो, कारण ते सामान घ्यायला आलेलंच नसतं, गाऱ्हाणं घेऊन आलेलं असतं.

लोक रुमालात गुंडाळून नळाचा मोडका दांडा आणतात, दाराची बिजागरी आणतात, एकदा एका आजोबांनी अख्खं सिंकच खांद्यावर टाकून आणलं होतं. मामा ती वस्तू उजेडात धरतो, फिरवतो आणि चेहरा असा करतो की वाटावं, आता नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगणार. मग विचारतो, "कधीपासून?" आणि त्यानंतर, "आधी कोणी हात लावला होता?" या दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक पुरुष खाली बघतात.

तो कुणाच्या घरी मात्र जात नाही. "मी गेलो तर मिस्त्री म्हणतील आमच्या पोटावर पाय दिला. मी इथूनच सांगणार," असं त्याचं म्हणणं. मामीचं म्हणणं वेगळं आहे. "घरी जाऊन करायची वेळ आली तर पितळ उघडं पडेल ना! आमच्या बाथरूमची कडी वर्षभर लागत नाहीये. आम्ही आत गेलो की गाणी म्हणतो."

भिंतीत काही ठोकायचं असेल तर मामाची खास पद्धत होती. काउंटरच्या एका टोकाला भरीव लाकडाचा ठोकळा आहे, दुसऱ्या टोकाखाली रिकामा ड्रॉवर. मामा सांगायचा, "घरी जा, भिंत बोटांनी वाजवा आणि आवाज डोक्यात ठेवून परत या." गिऱ्हाईक परत आलं की तो दोन्ही टोकं वाजवून दाखवायचा. ठक्क. डब्ब. "यातली कुठली?" ठक्क म्हटलं तर भोकात बसवायचे साधे प्लग आणि स्क्रू, डब्ब म्हटलं तर काही टांगायचं नाही. रस्त्यातून भिंतीचा आवाज डोक्यात जपत, कुणाशी न बोलता येणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी चालायची.

समोरच्या गल्लीत एक शिलाईवाली ताई राहते. तिला मशीनच्या वर एक लांब फळी हवी होती, कापडाचे गठ्ठे आणि दोऱ्याची रिळं ठेवायला. ती भिंत वाजवून आली आणि काउंटरवर बिनचूक बोट ठेवून म्हणाली, "ही. ठक्क." मामाने प्लग दिले, स्क्रू दिले, किती खोल भोक पाडायचं ते ड्रिलच्या बिटला चिकटपट्टी गुंडाळून दाखवलं. ताईने नवऱ्याला हातही लावू दिला नाही, फळी स्वतः बसवली. दुसऱ्या दिवशी दुकानासमोरून जाताना मामाकडे बघून मनगट फिरवलं, म्हणजे काम झकास.

पुढच्याच आठवड्यात ती फळी गठ्ठ्यांसकट खाली आली. खाली ताईचा उजवा हात होता, सुईजवळ. मनगटाचं हाड मोडलं.

मामाला दोष कुणीच दिला नाही, आणि मला वाटतं तेच त्याला जास्त लागलं. भांडायला कुणी आलं असतं तर तो भांडला असता, त्यात तो कमी नाही. ताईच्या नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं ना तिने?" मामा म्हणाला, "तसंच."

मालक वयाने माझ्याएवढा. वडिलांच्या मागे दुकान त्याच्याकडे आलं, आणि मामाही दुकानाबरोबरच आला. तो मामाला काका म्हणतो. तो म्हणाला, "काका, आता नुसता माल द्या. सल्ला नको. उद्या कुणी भांडायला दुकानावर आलं तर?"

मामा "बरं" म्हणाला.

त्यानंतरच्या सुट्टीला मी दुकानात गेलो तेव्हा एक बाई गळका पाइप घेऊन उभ्या होत्या. "भाऊ, हे घट्ट केलं तरी गळतंय, काय करू?" मामाने पांढऱ्या टेपचं रीळ पुढे सरकवलं.

"कशी लावायची?"

"पाकिटावर लिहिलंय."

त्या बाई रीळ न घेता निघून गेल्या. मी म्हटलं, "मामा, पाकिटावर कंपनीचं नाव सोडून काही नाहीये."

"मग कंपनीला विचारू दे," तो म्हणाला आणि कापडाने काउंटर पुसायला लागला. जो आधीच स्वच्छ होता.

घरी मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "इतकी वर्षं मी म्हणत होते, जरा तोंड मिटा. आता मिटलंय तर घर खायला उठतंय. जेवताना भिंतीकडे बघत बसतात. कडी पण बसवून टाकली परवा, न सांगता. मला तर भीतीच वाटली."

ताई आली ती गळ्यात हात अडकवून, प्लास्टरमध्ये. मी तिथेच होतो. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. मामा तिला बघून सरळ उभा राहिला.

"चार इंची स्क्रू द्या," ती म्हणाली. "हे म्हणतात, लांब लावले की धरतील. फळी परत बसवायची आहे."

मामाने आत मालकाकडे पाहिलं. मालक फोनमध्ये डोकं घालून बसला होता, पण कान आमच्याकडे होते. मामाने स्क्रूचा खण ओढला, मूठभर काढले, काउंटरवर ठेवले. ताईने डाव्या हाताने उचलायला घेतले, तर त्याने त्यांच्यावर स्वतःचा पंजा ठेवला.

"ताई, भिंत वाजवली होती तुम्ही?"

"वाजवली होती की. ठक्क होती. तुम्हाला दाखवली नव्हती का?"

"कुठे उभं राहून वाजवली?"

"दाराशी. मशीनसमोर गठ्ठे पडले होते, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. भिंत तीच ना?"

मामा खाली बसला. काउंटरमागे स्टूल आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"दाराशी खांब असतो, ताई. तिथे ठक्कच वाजणार. पुढे पोकळ विटा." मग अगदी हळू म्हणाला, "कुठे वाजवली ते मी विचारायला हवं होतं. कधीच कुणाला विचारलं नाही."

"काका," आतून मालक म्हणाला.

"थांब रे," मामा म्हणाला. मालकाशी त्याला एकेरी बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "ताई, स्क्रू मिळणार नाहीत. लांब लावले तरी त्या भिंतीत धरणार नाहीत. जमिनीवर उभी राहील अशी मांडणी घ्या. आणि मशीन भिंतीपासून लांब ओढा."

"ओढू कशाने?" ती म्हणाली आणि प्लास्टरचा हात जरा उचलून दाखवला. ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "डॉक्टर म्हणतात, प्लास्टर निघाल्यावर बघू. अंगठा वळला तर वळला."

त्या संध्याकाळी मामा पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाच्या घरी गेला. मशीन ओढलं, पूर्ण भिंत टोकापासून टोकापर्यंत वाजवली, आणि ताईच्या नवऱ्यासमोर म्हणाला की चूक त्याची होती. नवरा म्हणाला, "चहा घ्या." मामाने घेतला नाही.

प्लास्टर निघालं. अंगठा वळतो, पण पूर्ण नाही. ताई आता कात्री दोन्ही हातांनी धरते आणि बारीक काम घेत नाही. दुकानात आली की मामा आधी तिच्या अंगठ्याकडे बघतो आणि मग तिच्याकडे. तिला ते कळतं, म्हणून ती हात पिशवीमागे धरते.

मामा परत बोलायला लागला आहे. मालकाने नाद सोडला. पण आता साधा खिळा मागितला तरी मामा इतके प्रश्न विचारतो की लोक वैतागून कोपऱ्यावरच्या दुकानात जातात. "खिळा मागितला, मुलगी नाही," असं एकाने तोंडावर सुनावलं. मामा म्हणाला, "तरी कुठे ठोकणार ते सांगा."

गेल्या महिन्यात मी खोली बदलली. आरसा टांगायचा होता म्हणून मामाला फोन केला.

"फोन भिंतीला लाव आणि वाजव," तो म्हणाला.

मी वाजवली.

"जिथे आरसा लावणार तिथेच वाजवतोयस ना?"

"तिथेच."

"वर. आता खाली. आता डावीकडे."

मी भिंतीभर टकटक करत फिरलो. शेजारच्याने पलीकडून उलट टकटक केली. भिंत भरीव होती, मलासुद्धा कळत होतं. ठक्क, ठक्क, सगळीकडे ठक्क.



"मामा, आहेस ना?"

"आहे." मग म्हणाला, "नको लावूस. टेबलावर ठेव आरसा, भिंतीला टेकवून."

मी आता रोज वाकून भांग पाडतो.