‘तिला कुणी नाही’ असं मी लिहिलं होतं

चामोर्शीला जायचं ठरलं ते एका फोनमुळे, आणि खरं सांगायचं तर मी भलत्याच तोऱ्यात निघाले होते.

मी नागपुरात, निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. देणगीदारांना पत्रं लिहायची, पत्रकं छापून घ्यायची, गावोगावच्या गटांशी करार करायचे, हे माझं काम. चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेजवळच्या एका बंगाली वसाहतीतल्या बायकांचा गट आणि शेजारच्या गावातली ढिवरांची मच्छीमार सोसायटी मिळून एक तलाव सांभाळतात. तिथे मत्स्यबीजाची टाकी बांधून द्यायला एक देणगीदार तयार होता. सह्या महिनाअखेरीपर्यंत व्हायला हव्या होत्या, नाहीतर टाकी दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात जाणार. सोसायटीचे अध्यक्ष मारोतराव शेंडे फोनवर एवढंच म्हणाले, “या बाई. येतानी तुमचं ते पत्रक घिऊन या.”

मला वाटलं, कौतुक करायचं असेल. त्या पत्रकावर माझा फार जीव. काही वर्षांपूर्वीच्या पुरातला फोटो: त्याच वसाहतीतल्या बिनोदिनीबाई ओल्या साडीत, तोंडाला पदर लावून रडताहेत. खाली माझ्या दोन ओळी. या पत्रकाने आम्हाला जेवढे देणगीदार मिळवून दिले तेवढे दुसऱ्या कशानेच नाहीत. मी तर नव्या लोकांना शिकवताना तेच दाखवते.

पहिला दिवस. नागपूरहून सकाळच्या रेल्वेने चंद्रपूर गाठलं. पुढे सलीमभाईंची गाडी, दिवसाला तीन हजार, डिझेल धरून. सलीमभाई चंद्रपूरचेच, एरवी पर्यटकांना जंगल सफारीसाठी मोहर्लीला नेतात. मी चामोर्शी म्हटल्यावर त्यांनी आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. “वाघ सोडून मासोळ्या पाहाले चालल्या मॅडम? असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटून राह्यलं.”

मूलपर्यंत रस्ता जंगलातून जातो. घाई करू नका, रानडुकरं आडवी येतात. मूलला तर्री-पोहे खाल्लेच पाहिजेत. तर्री अर्धीच घ्या, मी पूर्ण घेतली आणि पुढच्या सावली गावापर्यंत पाणी पीत राहिले. सावलीच्या आसपास धानाची कापणी संपली होती, बांध्यांमधून कापलेल्या पेंढ्यांचे पुंजणे रचून ठेवलेले होते, आणि हवेत नव्या धानाचा वास होता. मग वैनगंगेचा पूल आणि गडचिरोली. मुक्कामाला गडचिरोलीच बरी. खोलीत पिशवी टाकून आम्ही लगेच वसाहतीकडे निघालो.

समाजमंदिरात दोन्ही गावं बसली होती. पुढे मारोतराव, त्यांच्या शेजारी बिनोदिनीबाई. फोटोतल्या बाई पाहिल्यावर मी ओळखल्याच नाहीत. साठी ओलांडलेल्या, ताठ, डोळ्यांवर चष्मा, हातात गटाची वही. मी पत्रक पुढे केलं. मारोतरावांनी ते उघडून माझ्याच हातात परत दिलं.

“वाचा बाई. मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं, तेही चांगलं सुरात. “पुराने या निर्वासित माउलीचं सर्वस्व नेलं. आज तिला कुणी नाही.”

टाळ्या काही पडल्या नाहीत.

“कुणी नाई?” मारोतरावांच्या बायको शांताबाईंनी मागून विचारलं. “मंग आमी का मेलो होतो?”

मग एकेक कळत गेलं. पूर आला तेव्हा या ढिवरांनीच आपल्या डोंग्यांतून, म्हणजे लाकडी होड्यांतून, अख्खी वसाहत बाहेर काढली होती. आठवडाभर बंगाली कुटुंबं ढिवरांच्या घरांत राहिली. शांताबाईंच्या दोन खोल्यांत अकरा माणसं होती. त्या गडबडीत यांची स्वतःची जाळी वाहून गेली, ती सोडवायला कुणाला सवड झाली नाही. आणि मी नागपुरात पंख्याखाली बसून लिहिलं, तिला कुणी नाही. फोटो मला दुसऱ्याने पाठवला होता. मी इथे आले नव्हते, कुणाला विचारलंही नव्हतं.

“आन् मी रडत होती ते घरासाठी नाई,” बिनोदिनीबाई म्हणाल्या. त्या लहानपणी पूर्व बंगालमधून निघाल्या, मानाच्या निर्वासित कॅम्पात राहिल्या आणि मग या वसाहतीत आल्या; मराठी इथलीच बोलतात. “घर तं आधी बी गेलं होतं माझं. त्या दिवशी हे मारोतभाऊ तिसऱ्या खेपेले गेले, आन् डोंगा दिसूनच नाई राह्यला होता. भाऊसाठी रडत होती मी.”

मारोतराव जमिनीकडे पाहत होते. “पत्रक पाहून पाहुणे विचारतेत बाई, तुमी बिनूबाईले टाकून देल्लं का म्हणून. टाकी पायजे जी आमाले. पण ह्या लेखाचे भागीदार आमी नाई होत.”

मला आधी त्यांचा राग आला. एवढी मोठी टाकी हातची घालवायची, दोन ओळींपायी? मग गाडीपर्यंत चालता चालता तो राग माझ्यावरच उलटला. संस्थेच्या साहेबांना फोन लावला, ते पत्रक मागे घेऊ या म्हटलं. ते म्हणाले, “नव्या वर्षाचं पत्रक त्याच फोटोसकट छपाईला गेलंय. रडणारा चेहरा काम करतो, हे तुम्हाला मी सांगायचं?” मला ते माहीत होतं. त्यांना ते मीच शिकवलं होतं.

मी छापखान्याला फोन करून छपाई थांबवली. साहेबांना नंतर कळवलं. नोकरीची चिंता वाटली, नाही असं नाही, पण जेवण नेहमीसारखंच गेलं.

दुसरा दिवस. सकाळी लवकर तलावावर या, उन्हं चढायच्या आत जाळं ओढतात. ढिवर पाण्यात, बंगाली बायका काठावर, आणि सगळ्यांच्या सूचना एकाच वेळी. मासळी काठावर आली की तिचे दोन वाटे पडतात. त्या दिवशी वाटे बायकांनी घातले. मग त्या मागे सरल्या आणि ढिवरांनी येऊन हवा तो वाटा उचलला. पुढच्या खेपेला उलट.

“वाटे घालणारा आधी उचलत नाई,” शांताबाईंनी मला समजावलं. “मंग भांडणच नाई होत.”

मी तिथेच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसले. इतकी वर्षं वाटेही मीच घातले होते आणि उचललेही मीच. बिनोदिनीबाईंना म्हटलं, “मजकूर मी लिहिते. निवडायचा तुम्ही. फोटोसुद्धा.”

“आन् करारात लिवसाल का तसं?”

“लिहीन.”

तीन मजकूर लिहिले. पहिल्यात माझी सगळी विशेषणं होती, तो दोन मिनिटांत बाद झाला. दुसऱ्यात मी मारोतरावांना शूर म्हटलं होतं. ते वैतागले. “शूर काऊन? शेजारी होतो.” राहिला तिसरा: ‘पुरात शेजाऱ्यांनी आम्हाला बाहेर काढलं. तलाव आम्ही मिळून राखतो. आता बीजाची टाकी बांधायची आहे. भागीदार व्हा.’ फोटोसाठी बिनोदिनीबाई घरी जाऊन पिवळी साडी नेसून आल्या आणि जाळं नीट धरा म्हणून मारोतरावांवर हसत हसत ओरडल्या. त्यांनी नेमका त्याच क्षणाचा फोटो निवडला.

दुपारी सह्या झाल्या. कुठलाही मजकूर किंवा फोटो गावाने निवडल्याशिवाय छापायचा नाही, हे कलम मी माझ्या हाताने लिहिलं. जेवायला मोहरी लावलेला रोहू, नव्या तांदळाचा भात आणि शांताबाईंची वांगं-झिंग्याची भाजी. एका पंगतीत दोन गावं जेवत होती. या माणसांशी माझ्या संस्थेचं नाव जोडलं गेलं म्हणून माझा ऊर भरून आला, आणि हे लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही. असा करार मी आजवर केला नव्हता.

घरी येऊन महिना झाला. साहेब माझ्याशी मोजकंच बोलतात. “हसणाऱ्या बाईला कोण देणगी देतं?” असं एकदा म्हणाले. नवं पत्रक गेलंय, देणग्या कमी येतील की जास्त, मला खरंच माहीत नाही.

पण परवा आमच्या सगळ्यात जुन्या देणगीदार बाईंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, दर वर्षी न चुकता पाठवतात. जुन्या पत्रकातल्या बाईंचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पिवळ्या साडीतल्या त्याच आहेत, आणि सगळं खरं सांगितलं, माझ्या दोन ओळींसकट. आता या हातच्या गेल्या, असं मी मनात म्हटलं.

“इतकी वर्षं मी तिच्यासाठी पैसे पाठवले,” त्या म्हणाल्या, “पण तिला भेटावं असं कधी वाटलं नाही हो. आज वाटतंय. चामोर्शीला गाडी कुठून मिळते?”