दूध केंद्र निघालं शूटिंग बघायला

तिसगावजवळच्या आमच्या दूध केंद्रावर मी फॅट तपासायला बसतो. सकाळ-संध्याकाळ गाव किटल्या घेऊन रांगेत उभं असतं आणि रांगेतला माणूस गप्प बसेल तर शप्पथ! दूध टँकरमधून निघून जातं, गप्पा मात्र केंद्रावरच साचत राहतात. त्यांना नासायची भीती नाही, उलट रोज थोडी साय चढते. सध्या सगळ्यात जास्त खप आहे आमच्या मुंबईच्या सहलीला.

सहल म्हणजे नटनट्यांचे बंगले आणि गोरेगावची चित्रनगरी, सगळं एका दिवसात. चेअरमन दगडूनानांनी बस ठरवली आणि सगळ्यांना बजावलं, "पाचला म्हंजी पाचला परतीची गाडी! दुसऱ्या दिशी सकाळच्या धारंला जो तो आपल्या गोठ्यात पायजे."

पारूमावशीला बंगल्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला चार मुलगे, लेक नाही. रोज रात्री ती जी मालिका बघते, तिच्यातल्या सासूनं सातव्या महिन्यातल्या सुनेला घराबाहेर काढलेलं. पोरीला माहेरही नाही. मावशीनं खण, नारळ, गहू असं सगळं पिशवीत बांधून घेतलं. "तिची वटी भरल्याबगर मी काय माघारी येत न्हाई," म्हणाली. आम्ही हसलो, पण मावशी हसली नाही.

*

पहिला घोळ नानांच्याच गाईचा. ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही. म्हणून नाना रात्री निघताना मुलाला स्वतःचा सदरा आणि टोपी देऊन आले होते. सकाळी बस कल्याणजवळ पोचली आणि मुलाचा फोन आला, "आबा, सदऱ्यापर्यंत ठीक हुतं. तोंड बघितलं अन् लाथ मारली!"

"फोन तिच्या कानाला लाव," नाना म्हणाले आणि सुरूच झाले. "काय झालं गं माझ्या सोन्याला? रुसली व्हय? उद्या येतो ना मी..." अख्खी बस कान देऊन ऐकतेय! थोड्या वेळानं तिकडून बादलीत धारा पडल्याचा आवाज आला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

शेजारी बसलेल्या नानांच्या मंडळी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लग्नाला चाळीस वर्सं झाली. मला वाटायचं, यांना असं बोलताच येत न्हाई!"

*

वांद्र्याला एका मोठ्या हिरोच्या बंगल्यासमोर उतरलो. ही गर्दी! सगळे मोबाईल वर धरून बाल्कनीकडे बघतायत. तेवढ्यात मोटरसायकलला कॅन लावलेला एक दूधवाला फाटकातून बाहेर आला.

झालं! आमची सगळी फौज त्याच्याभोवती. "गाईचं का म्हशीचं?" "फॅट किती लागतं?" "हिरो साय खातो का काढून टाकतो?" नानांनी तर कॅनचं झाकण उघडून वास घेतला आणि "चांगलं हाय" असा शेरा दिला. मग त्याच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांनी सेल्फी काढले.

मागे आरडाओरडा झाला, शिट्ट्या वाजल्या. आम्हाला वाटलं, ट्रॅफिक असेल. गर्दी पांगल्यावर वॉचमन कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, साहेब बाल्कनीत येऊन हात हलवून गेले. तुम्ही बघितलं की नाही?"

एकानंही बघितलं नव्हतं.

*

चित्रनगरीत एक इमारत आहे. पुढून कोर्ट, मागून चर्च. आमच्या सहलीत सॅम्युएल सर होते. शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांनी दोन गाई घेतल्या, तेव्हापासून ते केंद्राचे. चर्च दिसल्याबरोबर सरांनी टोपी काढली, केस नीट केले आणि शांतपणे दार ढकलून आत गेले.

आत म्हणजे कुठे? नुसती एक भिंत! पलीकडे कोर्टासमोरचं मोकळं मैदान आणि तिथे दोन स्पॉटबॉय वडापाव खात बसलेले. सर गेले तसे बाहेर आले.

"सर, येवढ्यात उरकली प्रार्थना?" नानांनी विचारलं.

"काय करता, लांबवायला आत जागाच नव्हती!"

*

पुढे पावसाचं शूटिंग चाललं होतं. टँकर उभा, वरून पाइपातून धो धो पाणी आणि खाली नायिका नाचतेय. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर आला की पळापळ होते. त्यामुळे टँकर बघून आमच्या दोन बायकांचे हात नकळत कमरेशी गेले, हंडा नव्हता म्हणून बरं! डायरेक्टर सारखा "वन मोअर" म्हणत होता. नानांचा जीव तुटायला लागला. शेवटी न राहवून ते सरळ त्याच्याजवळ गेले.

"सायेब, पोरीनं पयल्यांदाच झकास केलं हुतं. आता तुमी पान्याकडं बघा अन् हो म्हना!"

*

पाच वाजत आले तेव्हा कुठे मावशीच्या मालिकेचा सेट सापडला. पण सुनेचं काम दुपारीच संपलं होतं आणि ती घरी गेली होती. मावशी पिशवी पोटाशी धरून उभीच राहिली. तिचा चेहरा बघून आम्हाला गलबलून आलं. निघताना हसलो होतो, त्याची लाज वाटली.

समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर चहा पीत बसली होती ती मालिकेतली खाष्ट सासू! मोठं कुंकू, नाकात नथ, सगळं तसंच. आमच्या बायकांचे डोळे वटारलेले. नाना घड्याळ दाखवत होते. मावशी तरातरा तिच्याकडे निघाली. मी म्हटलं, आता काही खरं नाही!

मावशी तिच्यासमोर उभी राहिली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "उठा बाई, पदर पसरा. वटी तुमचीच भरते. तुमच्या येळंला कुनी भरली नसंल, म्हनून सुनेचं दुखनं कळंना तुमाला!"

बाई उठल्या, चहा बाजूला ठेवला आणि पदर पसरला. मावशीनं खण-नारळ घातला, ओंजळीनं गहू घातले. बाईंचे डोळे भरून आले. "मावशी, मला रस्त्यात लोक शिव्या देतात हो," त्या म्हणाल्या. मग खाली वाकून मावशीच्या पाया पडल्या. "पुढच्या महिन्यात सुनेला घरात घेते. शप्पथ!"

"फुडच्या म्हैन्यात कशाला?" मावशी खुर्ची ओढून बसली. "आत्ताच बोलवा तिला. आमची गाडी पाचला सुटती!"