लीड्सला तबकडी मध्येच थांबते तेव्हा

मी श्रीकांत वामन देवस्थळी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे छप्पन्न, मुक्काम लंडनचे एजवेअर. येथील एका शाळेचे कार्यालय सांभाळतो. या लेखनाची प्रयोजने दोन: लीड्सला रेगे या जमैकी संगीताच्या मैफलीला जाऊ इच्छिणाऱ्यांना वाट सांगणे, आणि तिथे भर सभागृहात मी केलेल्या चुकीची कबुली देणे.

जाण्याचे कारण क्लीव्ह. लग्नानंतर सहा वर्षे आम्ही लीड्सला होतो, तेव्हाचे हे भिंतीपलीकडचे शेजारी. नवव्या वर्षी जमैकाहून आलेले, पंधराव्या वर्षी शाळा सोडून कपड्यांच्या कारखान्यात लागलेले. गळा तयार झाला तो चर्चमध्ये. विशीत त्यांच्या दोन तबकड्या निघाल्या. एक गाजली. कंपनीला पुढची गाणी गुळचट हवी होती. यांनी नकार दिला आणि बसचे स्टिअरिंग धरले. आठवडाभर बस, शनिवारी गाणे, अशी तीस वर्षे गेली. त्यांच्या स्पीकरच्या बेसने, म्हणजे खर्जाच्या दणक्याने, आमच्या मांडणीवरच्या वाट्या थरथरत, म्हणून मी कौन्सिलला दोन पानी तक्रार पाठवली होती. ते रागावले नाहीत. केक घेऊन आले आणि "कोणती वेळ चालेल?" एवढेच विचारून गेले.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. आवाज गेला, परत आला तो खरखरीत आणि दोन सूर खाली. त्यानंतर ते लोकांसमोर गायले नव्हते. यंदा मे महिन्यात फोन आला: "शनिवारी गातोय. ये."

सकाळी साडेसातला निघालो. एम-वन महामार्ग आमच्या घराजवळून जातो आणि थेट लीड्सला पोहोचवतो. थांबे धरून साडेचार तास पुरतात. गाडी मुलगी सई चालवत होती. लेस्टरजवळच्या सर्व्हिसेसला, म्हणजे महामार्गावरच्या थांब्याला, दोन चहांचे सात पौंड पडले, थर्मास न्यावा.

"बाबा, फोर टाइम्स तो पार्किंगचा पाटी वाचला तुम्ही," सई म्हणाली. "टू अवर्स फ्री आहे. रिलॅक्स!"

लीड्सच्या चॅपलटाउन भागात क्लीव्हच्या घरी पोहोचलो तेव्हा ते रुमालाने माईक पुसत बसले होते. तो आधीच चकचकीत होता.

"आज लोक ठरवतील," ते म्हणाले. "त्यांना हवा असेन तर गात राहीन. नाहीतर हा माईक आजच भाचीला देऊन टाकतो."

"ती कशाला घेईल?" त्यांच्या पत्नी मर्ल म्हणाल्या. "चाळीस वर्षांची थुंकी आहे त्याच्यावर."

लोक ठरवतात म्हणजे नेमके काय करतात, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. कार्यालयात अशी हयगय मी कोणालाही करू दिली नसती.

कार्यक्रम तिथल्या सभागृहात दुपारी तीनचा, प्रवेश बारा पौंड, रोख. शाकाहारी मंडळींनी राइस अँड पीज मागावे. त्यात वाटाणे नसतात, तो नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात असतो. सोबत तळलेली केळी. ताट आठ पौंडांना. स्पीकर कपाटाएवढे असतात. त्यांच्यासमोर बसू नये. आम्ही बसलो, आणि बरगड्यांतून बेस ऐकला.

चारला क्लीव्ह उभे राहिले. रेगेच्या तबकड्यांच्या मागच्या बाजूला नुसती वाद्ये असतात. गायकाने त्यावर गायचे. पहिली ओळ त्यांनी जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. दुसऱ्या ओळीत पूर्वीचा उंच सूर यायचा होता. ते त्याच्यापर्यंत गेले नाहीत. खालूनच असे वळले की माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात गोंधळ उठला. लोक तळहातांनी भिंती, टेबले बडवू लागले, कोणी भोंगा वाजवला. तबकडी लावणाऱ्या गृहस्थांनी झटकन सुई उचलली. वाद्ये थांबली. क्लीव्ह मान खाली घालून उभे होते.

दोन ओळींत माणसाला खाली बसवले! मी ताडकन उभा राहिलो, थेट त्या गृहस्थांच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "हे योग्य नाही. निदान त्यांना गाणे पूर्ण करू द्या!"

मग सगळे सभागृह हसत सुटले. सईने बाही ओढली. "बाबा, ओ माय गॉड, बसा! त्यांना आवडलंय!"

मर्ल डोळे पुसत म्हणाल्या, "एवढं आवडलं की शेवटाची वाट कोण बघतो? तिथेच थांबवायचं, पुन्हा पहिल्यापासून."

आपल्या नाट्यगृहात पद संपले की वन्स मोअर मिळतो. इथे तो संपण्याआधीच देतात.

क्लीव्हनी मान वर केली. गाल ओले होते. माईकवर म्हणाले, "हा माझा जुना शेजारी. एकदा माझी तक्रार केली होती. आज तुमची पाळी!"

गाणे चार वेळा थांबवले गेले. पाचव्यांदा पूर्ण ऐकू आले. तिसऱ्या वेळी टेबलावर माझाही हात होता. शेवटी भाची पुढे आली. क्लीव्हनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईक रुमालात गुंडाळून स्वतःच्या खिशात टाकला.

रात्री त्यांच्याच घरी राहून आज दुपारी परतलो. चहाच्या वेळी सई आईला सगळे सांगत होती. मी टेबलापाशी गेलो, इथपर्यंत ती आली आणि पत्नीने तळहाताने डायनिंग टेबल बडवले.

"थांब," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून."

मांडणीवरच्या वाट्या थरथरल्या. मी तक्रार केली नाही.

श्रीकांत वामन देवस्थळी
एजवेअर, रविवार, १८ मे