आवाज बाहेर जाता कामा नये

सासऱ्यांनी मला कधी गोड मानून घेतलं नाही आणि मीही त्यांना नाही. तंजावूरच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते, पण घरात वर्ग अजून भरत होता. बंगळूरच्या माझ्या भावाने त्याचा जुना लॅपटॉप मला पाठवला, तेव्हा त्याकडे न बघताच ते म्हणाले, "ह्या पेट्टींतून एक सत्तम ऐकूं आलें, तर पेट्टी घराबाहेर. आतांच सांगून ठेवतों."

सत्तम म्हणजे आवाज. आणि मला हवं होतं ते काम आवाजाचंच होतं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल जे तोंडाने सांगून ठेवतात, ते ऐकून टाइप करायचं. चेन्नईच्या एका कंपनीने परीक्षा म्हणून तीन फाइलींची सीडी कुरियरने धाडली होती. शुक्रवारपर्यंत तिन्ही गेल्या तर नोकरी, तीही घरबसल्या. सातवा वेतन आयोग लागला असता तरी मला इतका आनंद झाला नसता.

वेळ कुठून काढायचा हा प्रश्न नव्हता. महिन्याला तीन दिवस मी 'बाहेर' असे, तिण्णैलगतच्या, म्हणजे ओट्याला लागून असलेल्या खोलीत. स्वयंपाक नाही, पाणी भरणं नाही, आला-गेला नाही. पापनाशमला माझ्या माहेरी हे सगळं कधीच सुटलं होतं. इथे आल्यावर पहिल्यांदा मी संतापाने रडले होते. मग लक्षात आलं की या घरात मला विश्रांती मिळायची तर ती अशीच, आणि मी रडणं सोडलं. सीडी आली ती नेमकी त्याच दिवसांत.

भावाने लॅपटॉपमध्ये लिनक्स घातलं होतं, फुकट मिळतं म्हणून. फुकटचं ते पौष्टिक, असं त्याला वाटत असावं. पहिल्या दिवशी हेडफोन लावले, तर कानात काहीच नाही. फोनवर भाऊ म्हणाला, काळी खिडकी उघड, अमुक अमुक टाइप कर. पडद्यावर रंगीत खांब उभे राहिले, एकेका आवाजाचा एकेक, खाली हिरवे, वर लाल. खांबाच्या पायाशी दोनदा एम दिसला की तो खांब मुका. सगळेच मुके होते. ज्याने हे यंत्र बनवलं त्याला माझ्या सासऱ्यांनीच शिकवलं असणार! एकेक एम उडवला तसा आवाज आला आणि भावाने सांगितलेली आणखी एक ओळ टाइप करून मी ते पक्कं केलं, पण हेडफोन लावलेले असूनही पेटीच्या पोटातला स्पीकरसुद्धा बोलू लागला. फक्त स्पीकर बंद करणारा खांब सापडायला दुपार गेली. सापडला आणि मी एक फाइल संपवली. नंतर बदललेली जुळणी पुन्हा वेगळी जतन करावी लागते, हे मात्र मला कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजेसासऱ्यांचं श्राद्ध होतं. अशा दिवशी बाहेर बसलेल्या सुनेचा आवाज ब्राह्मणांच्या कानावर पडायचा नाही, हा नियम. आणि ब्राह्मण जेवताना घरातल्या कोणी अवाक्षर काढायचं नाही, हा दुसरा. मी दार लोटून, रात्रभर चालूच ठेवलेल्या लॅपटॉपवर दुसरी फाइल करत होते. तेवढ्यात करंट गेला. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती, तोही गेला. करंट आल्यावर मी पुन्हा सुरू केला, हेडफोन चढवले, डॉक्टर बोलू लागला. कानात अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. म्हातारा रोगी, जुनं बद्धकोष्ठ, मूळव्याध, शौचाचा रंग कसा आणि किती वेळा. मी टाइप करत गेले.

मान वर केली तर दारात सासरे. उघड्या अंगाने, बोटात दर्भाचं पवित्रक, चेहरा वांग्यासारखा. मी हेडफोन काढले आणि तोच डॉक्टर सबंध घरात घुमत होता. करंट गेल्यावर खांब भावाने पक्के करवलेल्या जागी परत गेले होते, म्हणजे स्पीकर उघडा. कूडममध्ये, म्हणजे माजघरात, वडे आणि पायसम वाढलेलं होतं. दोघा ब्राह्मणांपैकी एक बँकेत नोकरीला, त्याला शब्दन् शब्द कळत असणार.

सासऱ्यांना बोलता येत नव्हतं. पेटीला हात लावता येत नव्हता, कारण ती माझ्या स्पर्शातली, विटाळाची. ते पवित्रकाच्या बोटाने पेटीकडे खुणा करत होते. त्यांच्यामागे माझा नवराही येऊन उभा राहिला. त्याला तर एरवीही बोलायची मनाई असल्यासारखंच होतं. खरं सांगते, मला भीती वाटली नाही, मजा वाटली. मी सावकाश खिडकी उघडली, सावकाश तो खांब शोधला आणि डॉक्टर गप्प झाला.

ब्राह्मण गेल्यावर सासऱ्यांनी तोंड उघडलं. "पेट्टी उचल रे," ते नवऱ्याला म्हणाले.

"शिवलें तर न्हावें लागेल," नवरा म्हणाला. तो तिसऱ्यांदा न्हायला तयार नव्हता.

"चौथ्या दिवशीं पाहतों तर," सासरे माझ्याकडे बोट रोखून म्हणाले.

संध्याकाळी भावाला विचारून मी जुळणी जतन केली. पण त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी करंट इतका खेळ करत होता की दुसरीच फाइल कशीबशी झाली. तिसरी राहिली आणि शुक्रवार चौथा दिवस होता. सकाळी सासूबाईंनी न्हाणीत पाणी तापवलं. "ये गो, चौथा आज."

"अजून बाहेरच आहें," मी म्हटलं.

माझे दिवस त्यांना माझ्याहून जास्त पाठ होते. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा पेटीकडे बघितलं. मग पाणी वाया कशाला जायचं म्हणून स्वतःच न्हायला गेल्या, आणि सासऱ्यांना काही म्हणाल्या नाहीत.

सासरे दारात आले. "चौथा दिवस. दे ती पेट्टी."

"न्हालें नाहीं, मामंजी," मी म्हटलं. "हात लावून पाहा."

त्यांचा हात अर्ध्यावर आला आणि थांबला. मी हेडफोन कानांवर चढवले आणि तिसरी फाइल सुरू केली.