वर न जाणारा हात

आमच्या कंपनीच्या गेटवर सुटताना झडती होते. आपली पाळी आली की दोन्ही हात वर करायचे आणि गार्डबाई काखेपासून कमरेपर्यंत चाचपून बघते. कारण काय, तर कुणी धाग्याचा कोन, म्हणजे सुताचं मोठं रीळ, लपवून नेऊ नये. ब्लाउजमध्ये मावेल एवढा कोन आमच्याकडे बनतच नाही, हे तिलाही ठाऊक होतं. तरी हात वर.

त्या वर्षी माझा डावा खांदा धरला. आधी ठणकायचा, मग सांधा आवळत गेला. हात छातीच्या वर जाईना, मागे हूक लावता येईना. वेणी नवरा घालू लागला. आम्ही धुळ्याकडचे, वेणी वाकडी झाली की तो "फॅशन शे ती" म्हणायचा आणि मला हसू यायचं. हसलं की खांदा दुखायचा.

दवाखान्यातली फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "फ्रोजन शोल्डर आहे काकू. सुटेल, पण महिनोन् महिने लागतील. रोज शेकायचं, तेल लावायचं, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. आणि कुणालाही ओढू द्यायचा नाही."

मशीनवरचे वरचे बॉबिन मला बदलता येईनात, म्हणून सुपरवायझरने पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. झालं! बसून काम मिळावं म्हणून हिचा हात अडकलाय, अशी कुजबूज रांगेत सुरू झाली. मी ठेकेदाराकडची. ही बाई नाटकी आहे असं एकदा त्याच्या कानावर गेलं की संपलं.

गार्डबाई रोज म्हणायची, "दूसरा हाथ भी ऊपर."

मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. ती न वाचताच म्हणाली, "सब लाते हैं."

आणि एका संध्याकाळी तिने माझं मनगट धरलं आणि हात सरळ वर ओढला. मी अशी किंचाळले की रस्त्यापलीकडचा चहावाला धावत आला. डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ही बया माझ्या काखेत बोटं घालून बघतेय! काही सापडलं नाही म्हणून तिचं तोंड पडलं. आज लिहितानाही माझी कानशिलं तापतात.

जेवढा सुटला होता तेवढाही हात पुन्हा आखडला. दवाखान्यातली मुलगी मलाच ओरडली, आणि मी तिच्यासमोर रडले. दुखत होतं म्हणून नाही, संतापाने.

मग मी भिंत धरली. कंपनीजवळच्या डोकमर्डी वस्तीतल्या आमच्या खोलीत स्वयंपाक उरकला की तेलाचा हात भिंतीला लावायचा आणि बोटं चालवत वर न्यायची. भिंतीवर तेलकट बोटांची वाट उमटत गेली. आधी स्विचपर्यंत, मग कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत. दर बोटागणिक मी गार्डबाईला शिव्या घालत होते. खरं सांगायचं तर वेणीसाठी नव्हतेच मी हे करत. तिच्यासमोर हात वर करायचा होता आणि तिचं तोंड बघायचं होतं.

तो दिवस आला. रांगेत माझा नंबर लागला, मी दोन्ही हात वर केले, आणि डावा कानाला लागून सरळ गेला. मी तिच्याकडे बघितलं.

ती मागच्या बायकांकडे वळून हसली. "देखा? मैं बोलती थी ना, नाटक है."

बायकाही हसल्या. वर गेलेला हातच माझ्यावर उलटला होता. मी तो खाली घेतला नाही. "अब जाओ," ती म्हणाली. मी हलले नाही. "नीट तपासा," मी म्हटलं, "तेव्हा ओढून तपासला होतात ना, आता तो आपणहून वर आलाय." रांग खोळंबली, मागून ओरडा सुरू झाला, खांद्यातून कळा येऊ लागल्या. हसणं थांबलं तेव्हाच मी हात खाली घेतला. ती माफी मागेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तिने मागितलीही नाही.

दिवाळीआधी नवऱ्याने चुन्याचा डबा आणला. भिंतीवरचे तेलाचे डाग बघून घरमालक कुरकुरत होता.

"बाकीच्या तीन भिंतींना लाव," मी म्हटलं. "हिला हात लावायचा नाही."